तेरा आठवड्यांची सिस्टर

वाचकहो, मागील अंकात बँक खात्यावरील नामनिर्देशनाविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांना पुढील अंकी सविस्तर उत्तर देईन. या वेळी खातेवही बाजूला ठेवून माझ्या भाचीविषयी लिहावयाचे आहे.

भाची परिचारिका आहे, आणि तीही शस्त्रक्रियागृहातील. 2012 साली तिच्या विवाहासाठी परिचयपत्र तयार करण्याचे काम घरातील ‘शिकलेला माणूस’ म्हणून माझ्याकडे आले. व्यवसायाच्या रकान्यात मी ‘वैद्यकीय क्षेत्र’ असे लिहिले. ‘नर्स’ हा शब्द लिहिण्यास माझी लेखणी धजली नाही. आपल्या समाजात मुलगी सी.ए. असावी, डॉक्टर असावी, निदान फार्मसीची पदवीधर असावी. दुसऱ्याची मलमपट्टी करणारी असू नये, ही भावना मीही बाळगून होतो. भाचीने कागद वाचला, खाली शाईने ‘ऑपरेशन थिएटर नर्स’ असे लिहिले आणि मला परत दिला. मी तो टंकून घेताना ती ओळ गाळली. पुढे स्थळ जुळले ते तिने पहिल्याच भेटीत मुलाला सारे स्वतःच सांगितल्यामुळे. माझ्या चतुराईमुळे नव्हे.

विवाहानंतर ती अमेरिकेत ओहायो राज्यातील कोलंबस येथे गेली. पतीच्या व्हिसावर आश्रित म्हणून गेलेल्या पत्नीस तेथे नोकरी करता येत नसे. 2015 साली नियम बदलला आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत विशिष्ट टप्प्यावर असलेल्यांच्या पत्नींना कामाचा परवाना मिळू लागला. मधल्या काळात तिने तेथील परिचारिकांची एन्क्लेक्स ही परीक्षा दिली होती. सात वर्षे एका रुग्णालयात कायम नोकरी केल्यानंतर तिने ती सोडली आणि ‘ट्रॅव्हल नर्स’ झाली, तेव्हा माझ्या भगिनीने मला घाबऱ्या घाबऱ्या दूरध्वनी केला: ‘‘दादा, पोरगी कायमची नोकरी सोडून कंत्राटावर गावोगाव हिंडणार म्हणते!’’

हा प्रकार मला समजावून घ्यावा लागला. तेथील एखाद्या रुग्णालयात परिचारिका कमी पडल्या, कोणी बाळंतपणाच्या रजेवर गेली, कोणी निवृत्त झाली, की मध्यस्थ संस्थेमार्फत बाहेरून परिचारिका बोलावतात. कंत्राट बहुधा 13 आठवड्यांचे असते. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालावा म्हणून अनेक राज्यांनी आपसांत करार केला आहे. ओहायो त्यात 2023 च्या प्रारंभी सामील झाले. त्यामुळे कोलंबसचा परवाना घेऊन ती आयोवा राज्यात, घरापासून हजार किलोमीटरवरील एका लहान गावात, ऐन हिमवर्षावात स्वतः मोटार चालवीत गेली. घरी पती आणि आठ वर्षांची मुलगी. मोटारीत कुकर, तूरडाळ आणि मेतकुटाचा डबा.

निवृत्त बँकवाल्याचे लक्ष प्रथम वेतनाकडे जाते, त्यास माझा इलाज नाही. तिच्या मिळकतीचे दोन भाग असतात. तासाच्या दराने मिळणारे वेतन करपात्र. निवास व भोजनाचा भत्ता करमुक्त. परंतु करमुक्ती केव्हा? तर तुमचे खरे घर अन्यत्र असून त्याचा खर्च तुम्ही खरोखर सोसत असाल आणि बाहेरगावचे काम तात्पुरते असेल तेव्हा. एकाच ठिकाणी वर्षाहून अधिक राहण्याचे ठरले, की ते काम तात्पुरते मानत नाहीत. दिसायला रक्कम मोठी असते, पण करपात्र वेतनाचा आकडा लहान राहिला की वृद्धापकाळी मिळणारे सरकारी निवृत्तिवेतनही घटू शकते. शिवाय रुग्णालयाची निकड संपली, तर कंत्राट मुदतीपूर्वीही रद्द होऊ शकते. हे सारे मी तिला पत्र लिहून कळविले. तिने उत्तर दिले, ‘‘मामा, हे मला माहीत आहे. पण एकाच थिएटरमध्ये सात वर्षे राहिल्यावर कोण कोणाच्या गटात आहे हेच जास्त कळत होते. आता मला फक्त काम कळते.’’

दर रविवारी आमची सकाळ सातची, तिची आदल्या दिवसाची संध्याकाळ साडेसातची. त्या वेळी ती बोलते. आयोवात माणसे सुमारे 32 लाख आणि डुकरे त्यांच्या सातपट. तेव्हा गावातील उपाहारगृहात आपल्याला काय मिळणार, हे वाचकांनी ताडलेच असेल. थिएटरमध्ये अशा कंत्राटी परिचारिकेला बहुधा एक-दोन दिवसांत काम दाखवितात आणि तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेला उभे करतात. कोणता चिमटा कोणत्या कपाटात, कोणत्या सर्जनला कोणता धागा लागतो, हातमोजा कोणत्या मापाचा, हे सारे प्रत्येक सर्जनच्या नावाच्या कार्डावर लिहिलेले असते. पण कार्ड जुने असते आणि सर्जनची सवय नवी. आणीबाणीच्या पाळीत दूरध्वनी आला की सामान्यतः अर्ध्या तासात रुग्णालयात हजर व्हावे लागते. त्या दिवशी सूर्यास्तापूर्वी जेवण साधत नाही, म्हणून भगिनी हळहळते.

तिच्या कामाचा गाभा मात्र मला ताबडतोब उमगला, कारण तो मोजणीचा आहे. शस्त्रक्रियेपूर्वी, पोट शिवण्यापूर्वी आणि पुन्हा त्वचा शिवताना स्पंज, सुया, हत्यारे मोजतात. दोघांनी मोजायचे, दोघांनी पाहायचे आणि मोठ्याने म्हणायचे. बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या, दोन अधिकारी आणि दोन सह्या असतात, त्यामागील विचार हाच.

दुसऱ्याच आठवड्यात, एका संध्याकाळी, शस्त्रक्रिया संपत आली असता एक स्पंज कमी भरला. सर्जन म्हणाले, मी आत पाहिले आहे, काही नाही, शिवू या. बाकीचे सारे त्यांच्यासोबत वर्षानुवर्षे काम केलेले. भाची एकटी परकी, उच्चार निराळा, नाव कोणालाही नीट न येणारे. ती म्हणाली, ‘‘मोजणी जुळलेली नाही. मी जुळली असे लिहिणार नाही.’’ पुन्हा मोजले. क्ष-किरण यंत्र आणविले. त्या स्पंजांमध्ये क्ष-किरणात दिसणारा धागा विणलेला असतो. चित्रात काही दिसले नाही. शेवटी टाकलेल्या स्पंजांच्या बादलीत दोन स्पंज रक्ताने एकमेकांस चिकटलेले सापडले. रुग्ण वीस-पंचवीस मिनिटे अधिक भुलीखाली राहिला. त्या रात्री तिच्याशी कोणी बोलले नाही. ‘‘मामा, चुकले का माझे?’’ असे तिने विचारले.

मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. 1984 साली, सव्विसाव्या वर्षी, मला तालुक्याच्या एका शाखेत आठ दिवसांच्या डेप्युटेशनवर पाठविले होते. संध्याकाळी रोख तिजोरीत ठेवताना तेथील ज्येष्ठ रोखपाल म्हणाले, ‘‘दहाच्या नोटांचे बंडल आहे, मोजून काय करता? सही करा, बस निघून जाईल.’’ नव्या जागी आपण कशाला शंका घ्यावी, असे वाटून मी सही केली. दुसऱ्या दिवशी त्या बंडलात दहाऐवजी नऊच गड्ड्या निघाल्या. हजार रुपये, माझ्या पगाराचा अर्ध्याहून मोठा भाग. दोघांनी निम्मे निम्मे भरले. घरी मी हे कधी सांगितले नाही. सौभाग्यवती आज या पानावरच वाचतील. भाचीला मी ती हकिगत सांगितली आणि म्हणालो, तुझे काही चुकले नाही.

अशा नियमांची सूची घडविण्यामागे एका मराठी घरचा माणूस आहे, हे तिला मीच सांगितले, त्याचा मला थोडा अभिमान वाटला. यवतमाळ जिल्ह्यातील उटी या गावचे डॉ. आत्माराम गावंडे अमेरिकेत शल्यविशारद झाले आणि ओहायोतीलच अथेन्स या लहान गावी स्थायिक झाले. आईच्या नावाने त्यांनी उमरखेडला महाविद्यालय उभारले. त्यांचे पुत्र डॉ. अतुल गावंडे यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया-सुरक्षा सूची 2008 साली सिद्ध झाली. एकूण 19 मुद्दे, एका पानावर मावणारे. दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत, सूचीपूर्वीचे व नंतरचे मिळून सुमारे 7,700 रुग्णांवर तिची परीक्षा झाली. मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आणि गुंतागुंतीचे 11 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर आले. त्या सूचीत मोजणी आहे, प्रतिजैविक वेळेवर दिले का हा प्रश्न आहे, आणि छेद घेण्यापूर्वीचा एक साधा मुद्दा आहे: उपस्थित प्रत्येकाने आपले नाव व काम मोठ्याने सांगावे.

भाची म्हणते, परक्या माणसाला या मुद्द्याचा मोठा आधार असतो. एकदा सर्वांसमोर स्वतःचे नाव उच्चारले, की पुढे ‘थांबा’ म्हणताना आवाज अडत नाही.

हे ऐकल्यावर मला 1993 आठवले. 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा माझी भगिनी लोहारा भागात राहत होती. भाची चार वर्षांची होती. भिंत कोसळून दाजींचा पाय चिरडला. सोलापूरच्या रुग्णालयात व्हरांड्यापर्यंत जखमी पसरले होते. मदतीसाठी बाहेरगावाहून डॉक्टर व परिचारिका आलेल्या. दाजींना थिएटरमध्ये नेताना एका सिस्टरने त्यांच्या कपाळावर हात ठेवून, ‘‘शुद्धीवर याल तेव्हा मी इथेच असेन’’ असे म्हटले, आणि ती खरोखर तेथेच होती. पाय वाचला. चौथ्या दिवशी मी पेढ्यांचा पुडा घेऊन गेलो, तर ती आपल्या गावी परत गेलेली. कोणत्या गावी, ते वॉर्डात कोणी सांगू शकले नाही. तिचे नाव आम्ही विचारलेच नव्हते. सगळे तिला सिस्टर म्हणत होते.

दाजी आज थोडे लंगडत चालतात. लेकीच्या दूरध्वनीची रविवारी सर्वांआधी तेच वाट पाहतात.

आयोवाच्या रुग्णालयाने तिला आणखी 13 आठवडे राहण्याविषयी विचारले होते. त्या सर्जनने तशी शिफारस केली, असे तिला मागाहून कळले. पण मुलीची शाळेची परीक्षा असल्यामुळे ती महिनाभर घरी राहिली. येत्या सोमवारपासून विस्कॉन्सिन राज्यात नवे कंत्राट सुरू होत आहे. तेथे शेपूची भाजी मिळते का, एवढी एकच चौकशी भगिनीने माझ्याकडे केली आहे.