धर्मगुरूंची रजा कोणाच्या भरवशावर?

धर्मगुरूंनी काही महिने अभ्यास व चिंतनासाठी दूर जावे, ही कल्पना रत्नागिरीसारख्या ठिकाणी चैनीची वाटते. वास्तविक तिचे मूळ बायबलमध्येच आहे. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवण्याची आज्ञा लेवीय ग्रंथात आहे. हार्वर्ड विद्यापीठाने १८८० मध्ये प्राध्यापकांसाठी सातव्या वर्षीची रजा सुरू केली. चर्च मात्र मागेच राहिले!

कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील ५३३ वे कलम धर्मग्रामाच्या प्रमुख गुरूंना वर्षाकाठी साधारण महिनाभर सुटी देते. त्यापुढील रजा बिशपांच्या मर्जीवर.

रत्नागिरी जिल्हा २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात येतो. ख्रिस्ती वस्ती विरळ आणि धर्मग्राम विस्तीर्ण असल्याने बदली गुरू आणायचा, तर शेजारचा धर्मग्राम उघडा पडतो. गुरूंअभावी रविवारी भाविकांनी एकत्र येऊन शास्त्रवाचन व प्रार्थना करावी, अशी तरतूद संहितेच्या १२४८ व्या कलमात आहे. त्यासाठी प्रापंचिकांना आधीपासून तयार करावे लागेल. पण मिस्सा, पापनिवेदन आणि रुग्णाभ्यंग धर्मगुरूंशिवाय होत नाहीत. त्यामुळे रजेची खरी झळ पोहोचते ती दूरच्या वाडीतल्या अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना. रजेचा अर्ज मंजूर करताना त्यांच्याकडे कोण जाणार, हे आधी ठरायला हवे.