ब्रासचा हिशेब आणि नदीचा तळ

वैतरणा आणि तानसा या नद्यांची रेती ब्रासच्या हिशेबाने विकली जाते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. लिलाव ब्रासचा, स्वामित्वधन ब्रासवर आणि चोरी पकडली गेलीच तर दंडही ब्रासवरच. २०२३ सालच्या धोरणाने सरकारी डेपोतून ६०० रुपये ब्रास या दराने रेती देण्याची घोषणा केली. २०२५ साली लिलावाची पद्धत परत आली. धोरणे बदलली, माप तेच राहिले. या मापाला नदी म्हणजे उघडी कोठी. कोठीतून कोणत्या आकाराचे कण गेले आणि तळाशी कोणते उरले, ही चौकशी त्यात बसत नाही.

रेतीच्या धंद्यात कणाचा आकार मोजतच नाहीत, असे मात्र नव्हे. इमारतीसाठी तो काटेकोरपणे मोजला जातो. भारतीय मानक ३८३ प्रमाणे नैसर्गिक रेतीत ७५ मायक्रॉनहून बारीक कण ३ टक्क्यांच्या आत असावे लागतात. दगड चुरून केलेल्या रेतीत ते १५ टक्क्यांपर्यंत चालतात. काँक्रीट कच्चे राहू नये म्हणून घेतलेली ही दक्षता योग्यच आहे. नालासोपारा-विरारच्या चाळींत आणि इमारतींत राहणारा माणूसही श्रमिकच आहे. परंतु रेती धुऊन वेगळी केलेली ती बारीक माती जाते कोठे? सक्शन पंप तळातील पाणी, रेती आणि गाळ एकदम ओढतो. जाड रेती बोटीत राहते, गढूळ पाणी पुन्हा प्रवाहात पडते. म्हणजे बिल्डरला नको असलेला कण नदीच्या वाट्याला येतो.

आता हा कण तळाशी काय करतो ते पाहावे. तानसेचा वरचा प्रवाह काळ्या कातळावरून आणि गोट्यांवरून वाहतो. गोट्यांमधल्या फटींतून पाणी झिरपते, काठच्या विहिरींना लागते. उन्हाळ्यात पात्रात हातभर खड्डा केला की प्यायला पाणी मिळते ते याच फटींमुळे. फटीच्या मानाने जाड असलेले कण वरच अडकतात आणि झाकणासारखा थर धरतात. त्याहून पुष्कळ बारीक असलेले कण खोल उतरून फटी आतून भरतात. पहिला थर पुढच्या पुरात उखडला जाण्याची शक्यता असते. दुसरा सहसा निघत नाही, कारण त्यासाठी गोटेच हलावे लागतात.

अमेरिकन अभियंता अ‍ॅलन हेझन याने १८९२ साली रेतीच्या गाळण्यांचा अभ्यास करून एक नियम मांडला. मुंबईसाठी तानसा धरण पुरे झाले तेही याच साली. नियम साधा आहे: ढिगातले दहा टक्के कण ज्या आकाराहून बारीक असतात, त्या आकाराच्या वर्गावर पाण्याचे झिरपणे अवलंबून असते. तो आकार दहाव्या हिश्श्यावर आला तर झिरपणे शंभराव्या हिश्श्यावर येते. मूठभर माती मिसळल्याने विहीर का आटते, याचे उत्तर या आकडेमोडीत आहे. ब्रासच्या हिशेबात ती मूठभर माती नगण्य ठरते!

धरणांनी ही विषमता अधिक वाढवली. तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा आणि २०१४ साली पुरे झालेले मध्य वैतरणा यांच्या जलाशयांत जाड रेती आणि गोटे अडकतात. पुराच्या पाण्याबरोबर खाली सुटतो तो मुख्यतः तरंगता गाळ. म्हणजे नवी रेती येणे घटले, असलेली पंपाने ओढली जाते आणि येतो तो चिखल. खानिवड्याच्या बाजूला खाडीचे खारे पाणी भेटले की मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून लवकर खाली बसतात. खाडी उथळ होण्याचे खापर केवळ कचऱ्यावर फोडणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे.

यावर सरसकट बंदी हा उपाय नव्हे. उच्च न्यायालयाने २०१० साली राज्यातील रेतीउपशाला मनाई केली, तेव्हा डुबी मारून बादलीने रेती काढणारा मजूर उघड्यावर पडला. बेकायदा पंप मात्र थांबले नाहीत. कृत्रिम रेतीचा जयघोष आता चालू आहे. तिची भुकटी आणि धुण्याचे पाणी कोठे सोडले जाते, हे वसईच्या पूर्वपट्टीतल्या दगडखाणींलगतच्या आदिवासी पाड्यांना विचारल्याखेरीज त्या जयघोषात सामील होण्याचे कारण नाही. मागणी अशी हवी की, प्रत्येक रेतीगटाच्या लिलावाआधी आणि नंतर तळातल्या कणांच्या आकाराची तपासणी व्हावी, तिचे आकडे ग्रामसभेपुढे वाचले जावेत आणि बारीक कणांचे प्रमाण वाढले असेल तर तो गट बंद व्हावा. पात्रात पंप नको; हातपाटीच्या मजुरांच्या सहकारी संस्थांना पहिला हक्क हवा.

तोवर कार्यकर्त्यांना एक काम करता येईल. रेती धुण्याच्या जागेच्या वरच्या अंगाचा आणि खालच्या अंगाचा तळ काचेच्या दोन सारख्या बरण्यांत घ्यावा, पाणी घालून ढवळावा आणि ठेवून द्यावा. रेती मिनिटभरात बसते, गाळाला काही तास लागतात. दुसऱ्या दिवशीही ज्या बरणीतले पाणी गढूळ असेल तिच्यात चिकणमाती आहे. थरांची उंची पट्टीने मोजून, तारीख आणि जागा लिहून, त्या बरण्या तहसीलदारांच्या टेबलावर ठेवाव्यात.