आशा आणि आरोग्यमद

‘मला काही होत नाही,’ हे वाक्य आपल्या घरांत सहज उच्चारले जाते. रक्तातील साखरेची तपासणी राहून जाते, मृत्युपत्र पुढच्या वर्षावर ढकलले जाते, आणि आपण निर्धास्त असतो. या वृत्तीला मानसशास्त्रात ‘अवास्तव आशावाद’ म्हणतात.

१९८० साली नील वाइनस्टाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे या विषयावरील संशोधन प्रसिद्ध झाले. भावी सुखदुःखे आपल्या वाट्याला येण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत किती, असे त्यांनी विद्यार्थ्यांना विचारले होते. सुखे आपल्याकडे अधिक येतील व दुःखे कमी, असाच एकंदर कौल मिळाला. एखाद्याचे म्हणणे खरेही असेल. परंतु सगळा वर्गच स्वतःच्या सरासरीहून सुरक्षित असू शकत नाही. विशेष म्हणजे, जे संकट टाळणे आपल्या हाती आहे असे वाटते, त्याबाबत हा भ्रम अधिक आढळला.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. अंगुत्तर निकायात भगवान बुद्धांनी तीन मद सांगितले आहेत: तारुण्याचा, आरोग्याचा आणि जीविताचा. त्यावर उपायही सांगितला: जरा, व्याधी व मरण मलाही अटळ आहेत, याचे स्त्री-पुरुषांनी, गृहस्थांनी व भिक्खूंनी वारंवार चिंतन करावे.

मग आशा सोडावी काय? मुळीच नाही. आपली चळवळच आशेवर उभी आहे. १९३५ साली येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, ती मोठ्या आशेनेच. परंतु त्यांनी वाटेतील अडचणी कधी कमी लेखल्या नाहीत. १९५६ च्या धम्मदीक्षेपर्यंत २१ वर्षे गेली. त्या काळात त्यांनी धर्मांचा अभ्यास केला आणि समाजाचे मन तयार केले. आशा प्रयत्नांविषयी असावी. धोक्याचा अंदाज मात्र पुराव्यानेच बांधावा. विवेक तो हाच, असे आम्हांस वाटते.

पुरावा काय सांगतो? आपल्या दक्षिण आशियाई शरीरांत मधुमेह तुलनेने कमी वजनातही शिरतो. म्हणूनच अमेरिकन डायबेटिस असोसिएशन आशियाई वंशाच्या व्यक्तींसाठी तपासणीचा बीएमआय २५ ऐवजी २३ धरते. तेव्हा आरशात सडपातळ दिसणाऱ्यांनीही या महिन्यात तपासणीची वेळ ठरवावी, आणि त्याच आठवड्यात मृत्युपत्राचा कागदही पुढे ओढावा. याने आशा कमी होत नाही. तिला आधार मिळतो.

जय भीम! नमो बुद्धाय!