पानफुटी आणि एकुलतं एक अंडं

परवा शेजारच्या काकूंनी आमच्या कुंडीतल्या पानफुटीचं एक पान मागितलं. मी म्हटलं, "एक काय, चार न्या!" पानफुटीचं काय जातंय? पान मातीवर नुसतं टाकलं तरी कडेच्या खाचांतून रोपं डोकावतात. चार दिवस पाणी घालायला विसरलं तरी बिचारी कुरकुरत नाही. जाड पानांत तिची बेगमी असते.

त्याच संध्याकाळी लेक शाळेच्या प्रकल्पासाठी ट्रिस्टन अल्बाट्रॉस या समुद्रपक्ष्याची माहिती वाचून दाखवत होती. पंख पसरले की तीन मीटर भरतात. जगातले जवळपास सगळे दक्षिण अटलांटिक महासागरातल्या गॉफ या एकाच बेटावर घरटी करतात. वीण सुरू व्हायलाच आठ-दहा वर्षं लागतात. मग दोन वर्षांतून एकदा, एकच अंडं! आई-बाप आळीपाळीनं ते उबवतात, पुढे आठ-नऊ महिने पिल्लाला भरवतात. मासेमारीच्या लांबलचक दोरावरचं आमिष खायला जाऊन दोघांतला एक जरी गळाला अडकून बुडाला, तर पिल्लूही उपासमारीनं जातं.

बेटावर वेगळंच संकट. एकोणिसाव्या शतकात जहाजांतून आलेले उंदीर रात्री पिल्लांना जिवंत कुरतडतात. २०२१ मध्ये उंदरांचा नायनाट करायची मोठी मोहीम झाली. पण काही उरलेच आणि पुन्हा वाढले. म्हणजे उंदीर निघाले पानफुटीच्या जातीचे!

मैत्रिणींनो, आपलं इथंच चुकतं असं मला वाटतं. "एक गेलं तर काय बिघडलं, दुसरं येईल," हा पानफुटीचा हिशेब आपण सगळ्यांनाच लावतो. किती गेलं ते मोजतो. भरून यायला किती वर्षं लागतील, ते विचारतच नाही. रस्त्यासाठी जुनी चिंच तोडताना "दोन रोपं लावू" म्हणतात, तेही यातलंच.

खरं तर उपाय अवघड नाहीत. गळ रात्री टाकायचे, ते लवकर बुडावेत म्हणून वजन लावायचं, पक्षी बुजावेत म्हणून रंगीत फिती सोडायच्या. पण भर समुद्रात हे पाळायचं तर आधी एका पक्ष्याची किंमत कळायला हवी.

पानफुटीचं पान कुणीही मागावं, मी हसत देईन. पण जे उशिरा येतं आणि एकेकटंच येतं, त्याला हात लावण्याआधी दहादा विचार करायला नको का?