क्यूब कोणत्या मालाचा?

वस्तीच्या सभागृहाचा स्लॅब भरला तेव्हा हिशेबाची वही माझ्याकडे होती. सिमेंटच्या गोण्या किती आल्या, किती लागल्या, एवढेच मला कळे. महिन्याभराने कंत्राटदाराने क्यूबचा अहवाल आणून दिला. आकडे झकास. आम्हा कारकुनांना शिक्का दिसला की समाधान! मी सही करून कागद फाईलला लावला.

पुढे काम संपल्यावर एक बिगारी म्हणाला, "दादा, क्यूबचा माल वेगळाच कालवला होता. त्यात सिमेंट जास्त होतं." आधी बोलला असता तर त्याचा रोज गेला असता.

बंधुभगिनींनो, आपल्यातले कितीतरी जण घमेली वाहतात, पण क्यूब कशासाठी भरतात हे त्यांना कोणी सांगत नाही. लोखंडी साचा, प्रत्येक बाजू 15 सेंटिमीटर. स्लॅबमध्ये जाणारा मालच त्यात थराथराने भरायचा आणि सळईने ठोकायचा. दुसऱ्या दिवशी साचा उघडून ठोकळा पाण्यात ठेवायचा. 28 दिवसांनी प्रयोगशाळेतल्या दाबयंत्रात तो फुटेपर्यंत दाबतात. एम-20 काँक्रीट म्हणजे चौरस मिलिमीटरला 20 न्यूटन. मी गुणाकार करून पाहिला: एका ठोकळ्यावर सुमारे 46 टन! यंत्र खोटे बोलत नाही, पण ठोकळा कोणत्या घमेल्यातला हे त्याला कुठून कळणार?

पाणी जास्त झाले का, ते जागेवरच कळते. 30 सेंटिमीटर उंचीचा पत्र्याचा शंकू मालाने भरून वर उचलायचा आणि माल किती खाली बसला ते मोजायचे. पातळ माल ओतायला सोपा, पण सुकल्यावर कमजोर.

म्हणून घर असो वा सभागृह, स्लॅबच्या दिवशी आपली दोन माणसे उभी करा. क्यूब चालू मालातूनच, मध्येच कधीतरी, न सांगता भरून घ्या. एका नमुन्याचे तीन ठोकळे. त्यांवर तारीख कोरा आणि प्रयोगशाळेत स्वतः पोचवा. शासकीय तंत्रनिकेतनांतही फी भरून तपासणी होते.

आमच्या सभागृहाचे क्यूब तर फुटून गेले. आता स्लॅबमधूनच गोल तुकडे कापून तपासावे लागतील, निदान तीन ठिकाणी. त्याला कोअर म्हणतात. खर्च आहे. येत्या बैठकीत मी तो मांडणार आहे. त्या अहवालावर सही माझी आहे.