साडेत्रेसष्ट अंशांचा विसर

1896 च्या सप्टेंबरात मांडवीतील रोग्यांची लक्षणे पाहून डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईत प्लेग शिरल्याचे निदान केले, आणि त्यानंतर सरकारी अंमलदारांनी ज्या अंधाऱ्या खोल्यांच्या दारांवर ‘मनुष्यवस्तीस अयोग्य’ या अर्थाची तीन इंग्रजी आद्याक्षरे रंगविली व ऊन आत पडावे म्हणून ज्यांच्या छपरांची कौले उतरविली, त्या खोल्यांतील रहिवाशांना तो जुलूम वाटला. आणि जुलूम तो होताच. प्लेग उंदरांवरील पिसवांनी पसरतो, कौले उतरविल्याने तो हटत नाही, हे पुढे सिद्ध झाले. गंमत अशी की, प्लेगवर व्यर्थ ठरलेला हा उपाय क्षयावर मात्र नेमका लागू पडतो. कारण रोग्याच्या खोकल्यातून सूक्ष्म तुषारांबरोबर बाहेर पडणारा क्षयाचा जंतू कोंदट खोलीत तासन्‌तास तरंगत राहतो, खेळत्या वाऱ्यात विरळ होतो आणि थेट उन्हात मरतो.

प्लेगच्या त्या धसक्यातूनच 1898 साली मुंबई इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या ट्रस्टने गरिबांची जितकी घरे पाडली तितकी बांधली नाहीत, हा आरोप खरा आहे, आणि ट्रस्टचा मुलाहिजा राखण्याचे आम्हांस कारण नाही. तथापि ट्रस्टचे एक अध्यक्ष जेम्स ऑर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जो नियम हट्टाने पुढे मांडला, तो या शहराने कोरून ठेवावा असा होता. समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून आपल्या भिंतीच्या पायथ्यापर्यंत ओढलेली रेषा जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक उभी असता कामा नये, हा तो नियम. त्रिकोणमिती बाजूस ठेवून सांगावयाचे तर, इमारत जितकी उंच तिच्या निम्मे तरी अंतर तिच्यापुढे मोकळे हवे. म्हणजे तळमजल्यावरच्या माणसालाही आकाशाचा तुकडा दिसतो.

आता मुंबईतल्याच गोवंडी-मानखुर्दकडे वळू. रस्ते व रेल्वेच्या प्रकल्पांसाठी ज्यांची घरे उठविली, त्या कुटुंबांकरिता नटवर पारेख कंपाउंड व लल्लूभाई कंपाउंड या वसाहती उभ्या राहिल्या. नटवर पारेखमध्ये तर सात-सात मजल्यांच्या, वीस मीटरांहून उंच अशा इमारतींच्या रांगांमध्ये अंतर सुमारे तीन मीटर! ऑर यांच्या हिशेबाने तेथे निदान दहा मीटर हवे होते. सर्वसाधारण इमारतींना खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश खिडकी असावी असे सांगणारी आमची नियमावली पुनर्वसनाच्या इमारतींपुढे येताच मोकळ्या जागेबाबत सवलतींची पोतडी उघडते, त्याचे हे फळ. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था व मुंबईची आयआयटी यांनी केलेली आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी असे सांगते की, या दोन वसाहतींत क्षयाचे प्रमाण जवळच्याच, पण अधिक मोकळ्या मांडणीच्या पीएमजी कॉलनीपेक्षा जास्त आढळले, आणि त्याचा संबंध घरांत शिरणाऱ्या उजेडाशी व वाऱ्याशी होता.

यावर सुखवस्तू वाचकांकडून येणारे उत्तर आम्हांस ठाऊक आहे: या लोकांच्या सवयीच वाईट, खिडकी उघडीत नाहीत, कचरा खाली फेकतात. आरोप सर्वस्वी खोटा नाही. परंतु त्या तीन मीटरांच्या बोळात क्षणभर उभे राहून पाहावे. वरच्या मजल्यावरून पिशवी खाली पडते, कारण कचरा उचलण्याची व्यवस्था धड नसते. बोळात घाण साचते, पाणी तुंबते, डास होतात. खालच्या मजल्यावरची गृहिणी दुर्गंधी व डास टाळण्यासाठी खिडकी लावून घेते. जिन्याकडचा अंधारा बोळ वर्दळीचा, म्हणून दारही लोटलेले. मग त्या बंद खोलीत संध्याकाळी डासांची कॉइल पेटते. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म धूलिकण शंभरेक सिगारेटींच्या तोडीचे भरतात, असे संशोधकांनी मोजून दाखविले आहे. त्याच खोलीत मिरचीची फोडणी तडतडते, पावसाळ्यात दोरीवर ओले कपडे वाळतात, भिंतीला ओल येऊन बुरशी धरते, आणि कोपऱ्यात कोणी आजोबा खोकत असतात. सवय आणि नकाशा यांपैकी आधी काय बिघडले, हे ठरविणे येथे अवघड नाही.

या शहरातल्या कष्टकऱ्यांची आधीची पिढी जेथे राहत होती, त्या चाळींत सुख नांदत होते असे आम्ही म्हणणार नाही. दहा बाय बाराच्या खोलीत दहा माणसे आणि मजल्याच्या टोकाला सामाईक संडास, यात रम्य असे काय होते? पण समोर लांब गॅलरी होती, तिथे गाद्या-गोधड्या उन्हात पडत, वाळवणे होत, दारे दिवसभर उघडी असत. उन्हात अंथरूण घालण्याची ती सवय कोणा आरोग्य-खात्याने शिकविली नव्हती. गॅलरी होती म्हणून ती होती. घरोघरी धूप फिरविण्याची चालही अशीच वाऱ्याच्या घरातली. ती बंद फ्लॅटमध्ये जशीच्या तशी नेणाऱ्या मध्यमवर्गानेही स्वयंपाकघराची खिडकी काचेने बंद करून तेथे फ्रीज मांडण्यापूर्वी थोडा विचार करावा.

झोपडपट्टी पुनर्वसनाच्या घराचे क्षेत्रफळ 225 चौरस फुटांवरून 269 आणि पुढे 300 झाले, त्याचे श्रेय घेण्यास प्रत्येक पक्ष पुढे सरसावतो. उजेडाचे श्रेय घेणारा मात्र आम्हांस अजून भेटलेला नाही, कारण उजेडाला चटईक्षेत्र नाही आणि तो विकताही येत नाही. क्षयाच्या उच्चाटनासाठी केंद्र सरकारने 2025 ची मुदत जाहीर केली होती. त्या संकल्पाचा गाजावाजा होत असताना या राज्याची नियमावली क्षयाला राहण्यास जागा पुरवीत होती, असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेत दिलेली सवलत शासनाने रद्द करावी, आणि उभ्या असलेल्या वसाहतींतील बोळ साफ ठेवण्याची जबाबदारी रहिवाशांच्या सोसायट्यांवर ढकलून न देता महापालिकेने स्वतः पत्करावी. तोवर एवढे तरी व्हावे: नव्या इमारतीच्या भोगवटा प्रमाणपत्रावर सही करण्यापूर्वी संबंधित अंमलदाराने तळमजल्यावरच्या सर्वांत आतल्या खोलीत भर दुपारी जावे, आणि दिवा न लावता तो कागद वाचून दाखवावा.