आंतरजालावरील संदर्भ आणि संशोधकाची सचोटी

पदव्युत्तर वर्गातील लघुप्रबंध तपासताना संदर्भसूचीत ‘गूगल’ किंवा नुसते ‘इंटरनेट’ अशी नोंद आढळणे आता नित्याचे झाले आहे. ह्यावर उपाय म्हणून काही अध्यापक आंतरजालावरील संदर्भ सरसकट अमान्य करतात. आमच्या मते हा उपाय मूळ दुखण्याहून घातक आहे. बंदी घातल्याने विद्यार्थी आंतरजाल सोडत नाही. तो मजकूर तेथूनच उचलतो आणि सूचीत मात्र कधीही न पाहिलेल्या ग्रंथाचे नाव व पृष्ठांक लिहितो. पहिल्या नोंदीत अज्ञान असते. दुसरीत असत्य असते.

प्रश्नाचे स्वरूप श्रीगोंद्याच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘योगसंग्राम’कार शेख महंमद ह्यांची समाधी ह्या गावी आहे. त्यांच्यावर लिहू पाहणारा विद्यार्थी आंतरजालावर शोध घेऊ लागला, की कविनामाची ‘महंमद’, ‘महमंद’, ‘मोहम्मद’ अशी भिन्न रूपे त्याच्यासमोर येतात. गावाचे जुने नाव चांभारगोंदे. जिल्ह्याचे अहमदनगर हे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. म्हणजे ज्या पृष्ठावर काल एक नाव होते तेथे आज दुसरे असू शकते. एखादी ओवी सापडली, तरी ती वा. सी. बेंद्रे ह्यांनी १९६१ मध्ये संपादित केलेल्या कवितासंग्रहातील, की अन्य प्रतीतील, हे सांगणारी ओळ तेथे असेलच असे नाही. अशा ओवीच्या पाठावर भाषाविषयक निष्कर्ष उभारणे धोक्याचे होय.

मराठीच्या अभ्यासकाला ही अडचण नवीन नाही. हस्तलिखितांची चिकित्सा करताना पुष्पिकेतून लेखनिक, स्थळ व शक पाहण्याची शिस्त आपल्याकडे रुजलेली आहे. प्रतीचा निर्देश नसलेले संकेतस्थळ म्हणजे पुष्पिका गळालेली पोथीच. ज्ञानेश्वरीची राजवाडे प्रत व सांप्रदायिक प्रत ह्यांतील भेद वर्गात शिकवणाऱ्या अध्यापकाने तोच निकष पडद्यावरील मजकुराला लावावयास हवा.

त्यासाठी मुख्य नियम एकच: जे प्रत्यक्ष पाहिले त्याचाच निर्देश करावा. ग्रंथाची छायाप्रत पाहिली असल्यास ग्रंथाचा संपूर्ण तपशील व पृष्ठांक देऊन ती कोठे पाहिली ते नोंदवावे. मजकूर पुन्हा टंकलिखित केलेला असल्यास तसे स्पष्ट म्हणावे व महत्त्वाचा पाठ छापील प्रतीशी ताडून पाहावा. विकिपीडियासारख्या सतत बदलणाऱ्या नोंदीसाठी त्या विशिष्ट आवृत्तीचा कायमचा दुवा पृष्ठाच्या इतिहासातून घेता येतो, तो द्यावा. ‘शोधगंगा’वरील प्रबंधासाठी संशोधक, विद्यापीठ व वर्ष ह्यांसह तेथील स्थिर दुवा द्यावा. सर्व ठिकाणी पाहिल्याची तारीख असावी. लेखकाचे नाव आढळत नसल्यास तसे लिहिण्यात कमीपणा नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडाविना सोडले आहे. त्यामुळे महाविद्यालयांत साम्याच्या टक्केवारीची चर्चा पुष्कळ होते. परंतु साम्य मोजणारी संगणकप्रणाली संदर्भ खरा आहे काय, हे सांगत नाही. न वाचलेल्या ग्रंथाचा पृष्ठांक तिच्या चाळणीतून सहज निसटतो. ती तपासणी अध्यापकानेच करावयाची असते.

ह्यास एक सोपा वर्गपाठ सुचवावासा वाटतो. प्रत्येक विद्यार्थ्याने एकच ओवी तीन ठिकाणी शोधावी, पाठभेद लिहून काढावेत आणि तिन्हींची नोंद वरील पद्धतीने करावी. तासाभराच्या ह्या कामातून संदर्भाची आवश्यकता जितकी पटते, तितकी ती नियमपुस्तिकेच्या वाचनाने पटत नाही.

तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना संशोधनग्रंथालय दूर आहे. हातातील दूरध्वनी हेच त्यांचे ग्रंथालय. ते बंद करण्याचा अधिकार आपल्याला नाही. तेथून काय घेतले हे निःसंकोचपणे व नेमकेपणाने सांगण्याची सवय लावणे, हे मात्र आपले कर्तव्य आहे.